कणी कुणाच्या ताटात?

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून पाळले. भारत सरकारच्याच प्रस्तावावरून तसा ठराव मार्च २०२१ मध्ये संमत झाला होता. त्या वर्षी दिल्लीपासून तालुक्याच्या गावापर्यंत ज्वारी-बाजरीचे मेळावे भरले, पाककृतींच्या स्पर्धा झाल्या, आणि सरकारी दप्तरात पिढ्यान्‌पिढ्या ‘भरड’ म्हणून नोंदल्या गेलेल्या धान्याला ‘श्री अन्न’ ही उपाधी मिळाली. नुसत्या उपाधीने कुणाचे पोट भरत नाही, हे सांगण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. परंतु या साऱ्या सोहळ्यात एक प्रश्न कुणी विचारल्याचे दिसले नाही. दुसरे काही परवडत नव्हते म्हणून ज्यांनी हे धान्य शतकानुशतके खाल्ले, त्यांच्या ताटापर्यंत या नव्या प्रतिष्ठेचा किती अंश पोहोचला?

एखाद्या अन्नाची प्रतिष्ठा वाढणे आणि ते अन्न खाणाऱ्याची प्रतिष्ठा वाढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली बाजारपेठ घडवून आणू शकते. दुसरीसाठी राजकारण लागते. हा भेद स्पष्ट व्हावा म्हणून दोन देशांतील दोन गरीब पदार्थ शेजारी शेजारी ठेवून पाहावेत असे मला वाटते. एक आपल्या कऱ्हाटीतील ज्वारीच्या कण्या, आणि दुसरा व्हिएतनाममधील तांदळाच्या कणीचा भात. दोन्ही फुटक्या दाण्यांचे अन्न. दोन्हींचा जन्म टंचाईतला. परंतु एक आज एका महानगराचा अभिमान होऊन बसला आहे, आणि दुसऱ्याचे नावही तालुक्याच्या शाळेतील मुलांना सांगावे लागते.

कऱ्हेच्या आधाराने राहणारा बारामतीचा पश्चिम भाग आणि नीरा-भीमेच्या दरम्यानचा इंदापूर तालुका हा पर्जन्यछायेतला मुलूख. मृगाचा पाऊस पडला तर बाजरी, परतीचा पडला तर रब्बीची ज्वारी, आणि दोन्ही चुकले तर गाव सोडून मजुरी, असे येथील अर्थशास्त्र होते. या मुलखात भाकरी हे रोजचे अन्न खरे. परंतु भाकरीलाही पुरेसे पीठ लागते, जळण लागते आणि थापणाऱ्या बाईला उसंत लागते. ज्या घरी यांपैकी एखादी गोष्ट कमी असे त्या घरी कण्या शिजत. ज्वारीला किंचित पाण्याचा हात लावून ती जात्यावर जाडसर भरडायची, पाखडून कोंडा काढायचा, चाळून पीठ वेगळे करायचे, आणि उरलेला रवाळ दाणा मीठ घातलेल्या आधणात वैरायचा. घट्ट शिजलेल्या कण्या ताकाबरोबर खायच्या. ताक नसेल तर हुलग्याच्या माडग्याबरोबर किंवा नुसत्या तिखटमिठाबरोबर. मूठभर दाण्यांत पाणी घालून सहा तोंडांचे भागवण्याची ही विद्या होती. बायकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींना दिली; तिच्यावर पुस्तक कुणी लिहिले नाही.

मराठी मनाला कण्या अपरिचित होत्या असे मात्र नव्हे. हस्तिनापुरात शिष्टाईला गेलेला कृष्ण दुर्योधनाची मेजवानी नाकारून विदुराघरी उतरला, ही महाभारतातील कथा. आणि तेथे त्याने कण्या खाल्ल्या, ही तिच्यात लोकपरंपरेने घातलेली भर. ज्या बारामतीत राहून मोरोपंतांनी अठराव्या शतकात महाभारत आर्यांमध्ये उतरवले, त्याच बारामतीवरून आणि पुढे इंदापूरवरून तुकोबांची पालखी दर आषाढीला पंढरपूरकडे जाते, आणि विदुराच्या कण्यांचा दृष्टांत कीर्तनांतून आजही ऐकू येतो. या दृष्टांताचा अर्थ आपण फार सोयीस्कर लावून घेतला आहे. भावभक्तीने दिलेले काहीही देवाला गोड लागते, एवढेच आपण त्यातून घेतो. त्यातील दुसरा अर्थ अधिक अडचणीचा आहे. राजवाड्यातील पक्वान्न नाकारणे ही त्या प्रसंगी एक राजकीय कृती होती. कण्या खाऊन पाहुण्याने यजमानाची पंगत निवडली होती. आपण मात्र विदुराच्या कण्यांना देव्हाऱ्यात बसवले आणि शेजारच्या मजुराच्या कण्यांना हीन लेखले.

हीन लेखले, हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. देशावरील समाजात धान्यांनाही वर्णव्यवस्था होती. भात हे सणाचे, लग्नाचे, पाहुण्याचे अन्न, गहू पोळीपुरता, ज्वारी-बाजरी रोजची, आणि कण्या, आंबील, माडगे हे न सांगण्याचे. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत स्वयंपाकाचे शिक्षण पोहोचवले, परंतु गावकुसाबाहेरच्या चुलीवर काय शिजत होते याची पुस्तकरूपाने नोंद व्हायला २०१५ उजाडावे लागले. त्या वर्षी शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ प्रसिद्ध झाले आणि मराठवाड्यातील महार-मांग समाजांच्या खाद्यजीवनाचा लेखाजोखा प्रथमच वाचकांसमोर आला. पुस्तकाचे शीर्षकच पुरेसे बोलके आहे. ज्या समाजात निम्म्यांचे अन्न अनुल्लेखाने मारले जाते, त्या समाजाची खाद्यसंस्कृती अपुरीच असणार.

आता व्हिएतनामकडे वळू. तेथील दक्षिण भागात, मेकाँग नदीच्या खोऱ्यात, ‘कोम ताम’ नावाचा पदार्थ खाल्ला जातो. ‘कोम’ म्हणजे शिजवलेला भात आणि ‘ताम’ म्हणजे कणी. भात सडताना जो दाणा फुटतो त्याला पूर्वी बाजारात भाव नसे. अखंड तांदूळ सावकाराच्या, जमीनदाराच्या आणि फ्रेंच वसाहतीच्या काळात निर्यातदाराच्या कोठारात जाई. कणी पिकवणाऱ्याच्या पदरी पडे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खेड्यांतील माणसे पोटासाठी सायगावला येऊ लागली तेव्हा ही कणीही त्यांच्याबरोबर शहरात आली. सकाळी कामावर जाणारे हमाल, गिरणीतले मजूर आणि विद्यार्थी यांना रस्त्याच्या कडेला बसलेल्या बायका कणीचा भात विकू लागल्या. त्यावर परतलेल्या कांद्याच्या पातीचे तेल, शेजारी निखाऱ्यावर भाजलेले डुकराचे मांस, मुरवलेल्या मासळीच्या पाण्याची आंबटगोड चटणी, थोडी लोणच्यासारखी भाजी. परदेशी गिऱ्हाइकांचा राबता वाढला तसा वाडगा आणि काड्या जाऊन बशी आणि काटाचमचा आला. आज हॅनोईची ओळख ‘फो’ या शेवयांच्या रश्श्याने होते तशी सायगावची, म्हणजे सध्याच्या हो ची मिन्ह नगराची, ओळख या कणीच्या भाताने होते. सायकलरिक्षावाला आणि कचेरीतला अधिकारी तो एकाच टपरीवर खातात. सुवासिक तांदळाची कणी आता तेथे मुद्दाम निवडून वेगळी विकली जाते.

येथे कुणी म्हणेल, हा तर चवीचा विजय झाला. त्यात राजकारण कोठे आले? याचे उत्तर इतिहासात आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात व्हिएतनामच्या उत्तर भागात भीषण दुष्काळ पडला. जपानी सैन्य आणि फ्रेंच प्रशासन यांनी मिळून शेतकऱ्यांकडून सक्तीने भात वसूल केला होता, भाताच्या जमिनीत ताग लावायला भाग पाडले होते, आणि युद्धामुळे दक्षिणेचा तांदूळ उत्तरेस पोहोचत नव्हता. मृतांचे अंदाज ४ लाखांपासून २० लाखांपर्यंत आहेत. २ सप्टेंबर १९४५ रोजी वाचलेल्या स्वातंत्र्याच्या घोषणापत्रात हो ची मिन्ह यांनी या वीस लाख मृतांचा उल्लेख केला. ‘कोठारे फोडा’ ही त्या चळवळीची हाक होती आणि खेड्यापाड्यांत तिला जो प्रतिसाद मिळाला त्यातूनच क्रांतीला बळ मिळाले. दोनच वर्षांपूर्वी, १९४३ साली, आपल्या बंगालमध्ये हेच घडले होते. अन्न नव्हते म्हणून नव्हे, तर ज्यांना ते हवे होते त्यांच्या हाती त्यावरचा हक्क नव्हता म्हणून माणसे मेली, असे अमर्त्य सेन यांनी पुढे बंगालच्या दुष्काळाविषयी साधार दाखवून दिले.

या दोन देशांना जोडणारा आणखी एक धागा आहे आणि तो आपल्या पिढीच्या थेट पानातून गेला आहे. अमेरिकेने १९५४ साली आपले अतिरिक्त धान्य परदेशांना सवलतीने देण्याचा कायदा केला, पी. एल. ४८० या नावाने तो आपल्याकडे घरोघरी माहीत झाला. १९६५-६६ च्या अवर्षणात भारताचे पोट या कायद्याखाली येणाऱ्या जहाजांवर अवलंबून होते. १९६६ साली इंदिरा गांधींनी व्हिएतनामवरील बॉम्बवर्षाव थांबवावा असे आवाहन केले, आणि अध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची जहाजे महिन्याच्या हिशेबाने, हात आखडून सोडण्याचे आपले धोरण अधिकच कडक ठेवले. त्याच सुमारास, एकेकाळी तांदूळ निर्यात करणाऱ्या दक्षिण व्हिएतनामची शेती युद्धाने उद्ध्वस्त होऊन तेथे अमेरिकेचाच तांदूळ त्याच कायद्याखाली उतरू लागला होता. कलकत्त्याच्या रस्त्यांवर ‘आमार नाम, तोमार नाम, व्हिएतनाम’ अशी घोषणा घुमत असे. भावनेच्या भरात दिलेली ती घोषणा अन्नाच्या हिशेबातही खरी होती. कारण मेकाँगच्या शेतकऱ्याचा घास आणि कऱ्हेकाठच्या शेतकऱ्याचा घास एकाच खातेवहीत मांडला जात होता.

त्या खातेवहीतील आपल्या वाट्याचे पान म्हणजे ‘मिलो’. ही अमेरिकेतील तांबडी ज्वारी. तेथे ती जनावरांना घालतात. १९७२ च्या दुष्काळात ती आपल्याकडे रेशनच्या दुकानात आली. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. मिलोच्या भाकरीचा तांबूस रंग, तिचा घशात अडकणारा कोरडेपणा, आणि दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीचा गोडसर वास माझ्या वयाच्या माणसांना अजून आठवतो. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे खडी फोडत होती, बांध घालत होती. त्यांनी माणसे जगवली, हे निर्विवाद. रोजगार हमीचा कायदा याच अनुभवातून १९७७ साली झाला आणि तो महाराष्ट्राने देशाला दिलेला धडा ठरला. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी भगिनींनी १९७२ सालीच महागाईविरुद्ध लाटणी उगारली. अन्नाचा प्रश्न स्वयंपाकघरातून रस्त्यावर आणणारी ती चळवळ होती.

मग असे काय झाले की त्या दुष्काळातून बाहेर पडलेल्या व्हिएतनामी कणीला मान मिळाला आणि आपल्या कण्या नाहीशा झाल्या? ‘लोकांची परिस्थिती सुधारली, म्हणून लोकांनी कण्या सोडल्या’ हे नेहमीचे उत्तर अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे उत्तर पाण्यात आणि रेशनच्या दुकानात सापडते.

प्रथम पाणी. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली. त्यानंतर दुष्काळनिवारणाचा उपाय म्हणून जी कामे झाली त्यांत १८८५ साली सुरू झालेला नीरा डावा कालवा हे प्रमुख. त्याचा हेतू धान्याच्या पिकाला संरक्षण देण्याचा. परंतु कालव्याचे पाणी नगदी पिकाकडे वळणे स्वाभाविक होते, आणि ते उसाकडे वळले. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्या यांनी ब्लॉक पद्धत आणली, तीमागे पाणी एकट्या उसाने पिऊन टाकू नये, ते अधिक गावांत व इतर पिकांत वाटले जावे, हा विचार होता. तो विचार कागदावर राहिला. वालचंदनगर, भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर येथील धुराड्यांनी बागायती पट्ट्यात समृद्धी आणली. सहकाराने हजारो शेतकरी उभे केले. ते नाकारण्याचा करंटेपणा कुणी करू नये. परंतु त्याच बारामती तालुक्याचा कऱ्हेकडील जिराईत भाग आजही उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावतो. ज्या कालव्याचा जन्म भाकरीसाठी झाला त्याने साखर दिली, आणि भाकरीचे धान्य पिकवणारा कोरडाच राहिला.

ज्वारीचे क्षेत्र महाराष्ट्रात १९८० च्या सुमारास होते त्याच्या निम्म्याहूनही खाली आले आहे. हे केवळ उसामुळे झाले असे नाही. रब्बी ज्वारी हाताने काढावी लागते, पाखरांपासून राखावी लागते. मजुरी वाढली तसे हे पीक परवडेनासे झाले. सरकार दरवर्षी आधारभूत किंमत जाहीर करते. २०२४-२५ साठी मालदांडी ज्वारीला क्विंटलला ३,४२१ रुपये आणि साध्या भाताला २,३०० रुपये असा भाव होता. कागदावर ज्वारी वरचढ दिसते. परंतु भात आणि गहू यांच्यामागे सरकारी खरेदीची अवाढव्य यंत्रणा उभी आहे, ज्वारी-बाजरीमागे ती तशी नाही. ज्या भावाने कुणी खरेदी करीत नाही तो भाव आकडा असतो, आधार नसतो.

आता रेशनचे दुकान. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असे दर ठरवले. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत मिळते. हा कायदा हे मोठे पाऊल होते आणि त्याचे रक्षण करणे हे आपले कर्तव्य आहे. परंतु त्या दरपत्रकाकडे नीट पाहावे. तांदूळ, गहू, भरड अशी तीच जुनी उतरंड त्यात रुपयांच्या भाषेत लिहिली गेली आहे. शिवाय ‘भरड’ या रकान्यातील धान्य महाराष्ट्रातील बहुतेक दुकानांत बहुतेक महिने येतच नाही. कऱ्हाटीतला भूमिहीन मजूर दूरच्या राज्यांत पिकलेला तांदूळ-गहू खातो, आणि त्याच्या शिवारातली उरलीसुरली चांगली बाजरी पुण्याच्या दुकानात सुबक पिशवीतून दुप्पट-तिप्पट भावाने विकली जाते. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या ढाब्यांवर ‘चुलीवरची भाकरी’ अशा पाट्या झळकतात. मोटारीतून आलेला पाहुणा ती कौतुकाने खातो; ती थापणाऱ्या बाईच्या घरी रात्री रेशनचा भात शिजतो. अन्न वर चढले, खाणारा होता तेथेच राहिला.

फुटक्या दाण्याचे पुढे काय होते हेही पाहण्यासारखे आहे. २००७ साली महाराष्ट्र शासनाने ज्वारी-बाजरी-मक्यासारख्या धान्यांपासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण आखले. माणसाच्या तोंडचे धान्य दारूत घालण्यास जाणत्यांनी विरोध केला. २०२१ च्या आरंभी तर खुद्द व्हिएतनामने, जगातील प्रमुख तांदूळ निर्यातदाराने, भारताकडून कणी विकत घेतली. तिचा उपयोग मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठी आणि बिअरसाठी. सप्टेंबर २०२२ मध्ये भारत सरकारने कणीच्या निर्यातीवर बंदी घातली, ती मार्च २०२५ मध्ये उठवली. बंदीची कारणे देताना कोंबड्यांच्या खाद्याचा तुटवडा आणि इथेनॉलसाठी लागणारी कणी यांचा आवर्जून उल्लेख झाला. माणसाने खाल्लेल्या कणीचा विचार सेनेगलमध्ये झाला, कारण तेथील गोरगरीब आयात केलेल्या कणीवरच जगतात. म्हणजे आज जगात फुटक्या दाण्यासाठी तीन गिऱ्हाइके रांगेत उभी आहेत. कोंबडी, मोटारीची टाकी आणि माणूस. बाजाराला यांत भेद करता येत नाही. ज्याच्या हाती अधिक पैसा तो रांगेत पुढे.

व्हिएतनामचे चित्र मी गोड रंगवू इच्छित नाही. १९७५ नंतर तेथे दक्षिणेत सक्तीने सामुदायिक शेती लादली गेली आणि भात पिकवणाऱ्या देशाला तांदळाची टंचाई भासू लागली. कूपनवर मिळणाऱ्या तांदळात कसावा आणि भरड धान्य मिसळून लोकांनी दिवस काढले. १९८१ पासून शेतकरी कुटुंबाला ठेक्याने जमीन कसू देण्यास सुरुवात झाली, १९८६ साली धोरण बदलले, १९८८ साली कुटुंबाचा जमीन कसण्याचा अधिकार अधिक पक्का झाला. आणि १९८९ मध्ये देश पुन्हा मोठ्या प्रमाणावर तांदूळ निर्यात करू लागला. लोकशाही समाजवाद्यांनी यातून घ्यायचा धडा स्पष्ट आहे. शेतकऱ्याच्या संमतीवाचून आणि त्याच्या श्रमाचे मोल दिल्यावाचून शेतात समाजवाद पिकत नाही. परंतु दुसराही धडा तेवढाच महत्त्वाचा. तेथे जमीन मूठभरांच्या हाती पुन्हा गेली नाही. तांदूळ हेच मजुराचे आणि अधिकाऱ्याचे समान अन्न राहिले. कणीचा भात प्रतिष्ठित झाला तेव्हा तो गरिबाच्या हातून काढून घेतला गेला नाही. पदपथावरील बाईच्या पातेल्यातूनच तो मोठा झाला.

यावर दोन आक्षेप येतील आणि ते रास्त आहेत. पहिला असा की, कण्यांचे गोडवे गाणे म्हणजे दारिद्र्याचे उदात्तीकरण करणे. पहाटे उठून जाते ओढणाऱ्या बाईला विचारा, ती गिरणी आली तेव्हा रडली नाही. आम्ही जात्यावरच्या ओव्यांचे संग्रह छापले. जाते ओढणाऱ्या हातांची मजुरी कधी मोजली नाही. म्हणून जाते परत आणा असे कुणी म्हणू नये. कण्या गिरणीतही भरडता येतात. दुसरा आक्षेप असा की, गरिबालाच आता भात-पोळी हवी असेल तर त्याला ज्वारी खायला सांगणारे आपण कोण? अगदी बरोबर. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सणाच्या दिवशीच भात पाहिला त्यांच्या मुलांनी रोज भात खाल्ला तर त्यात विषाद वाटण्याचे कारण नाही. परंतु निवडीचे स्वातंत्र्य तेव्हाच खरे, जेव्हा दुकानात दोन्ही धान्ये असतात. आज निवड ग्राहकाची नाही, गोदामाची आहे.

वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतून भारतातील दारिद्र्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात माणशी दररोज २,२५० उष्मांक हा निकष धरला होता. सबंध देशाला दारिद्र्याचे मोजमाप करायला लावणारे ते काम होते. आपण मात्र त्या निकषाला किमान न मानता कमाल मानले. उष्मांक भरले की सरकारची जबाबदारी संपली, अशी समजूत रूढ झाली. ज्वारी-बाजरीत लोह आणि तंतू तांदळापेक्षा अधिक आहेत, हे आहारशास्त्र सांगते. त्याहीपलीकडे माणूस आपल्या मातीतले, आपल्या आईच्या हातचे अन्न मान ताठ ठेवून खाऊ शकतो की नाही, हाही दारिद्र्याचाच प्रश्न आहे.

मार्ग अज्ञात नाही. कर्नाटकात रेशनवर नाचणी आणि ज्वारी दिली जाते. ओडिशाने २०१७ पासून आदिवासी भागात नाचणीची खरेदी व वाटप यांची सांगड घातली. आपल्या शेजारी, पुरंदर तालुक्यातील नायगावला, १९७२ च्या दुष्काळाने अस्वस्थ झालेले अभियंते विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, माणशी ठरवायचा. भूमिहीनालाही त्यात हक्क द्यायचा. आणि उसासारखे पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही, हे त्याचे नियम. साळुंखे २००२ साली गेले. त्यांचा विचार कऱ्हेच्याच खोऱ्यात जन्मला, परंतु कऱ्हेच्या खालच्या अंगाला आपण तो नेला नाही. २०२३ साली भरड धान्याचे उत्कृष्टता केंद्र सोलापुरात व्हावे की बारामतीत, यावर मात्र पुढाऱ्यांत वाद पेटला. केंद्र कोठे व्हावे यावर जेवढा आवाज उठला त्याच्या दशांश आवाजही ती ज्वारी रेशनच्या दुकानात का नाही यावर उठला नाही.

तो आवाज आपला असला पाहिजे. बारामती-इंदापूरच्या कार्यकर्त्यांनी प्रत्येक गावच्या रेशन दुकानाच्या फलकावर भरड धान्याचा रकाना मागील बारा महिने रिकामा का, हे ग्रामसभेत विचारावे. आधारभूत भावाने ज्वारी-बाजरीची खरेदी तालुक्यातच व्हावी आणि तेच धान्य तालुक्यातील शिधापत्रिका, अंगणवाडी व शाळेच्या भोजनात यावे, अशी मागणी करावी. ते शिजवणाऱ्या बायकांना पूर्ण मजुरी मिळावी. आणि पाण्याचा पहिला हक्क पिण्याला, दुसरा धान्याला, त्यानंतर उसाला, हे तत्त्व कालवा समितीसमोर मांडायची तयारी ठेवावी. मग त्यात आपल्याच बागायतदार मित्रांचा रोष पत्करावा लागला तरी बेहत्तर.

विदुराच्या कण्यांचा दृष्टांत दर आषाढीला उसाच्या मळ्यांतून जाणाऱ्या वाटेवर सांगितला जाईल आणि ऐकणारे माना डोलावतील. त्या वाटेवर ऊस तोडणाऱ्या मजुराच्या ताटात काय आहे, हे पाहण्याचे काम आपले आहे.